विद्यापीठाची जमीन पडीक नसते

३० मार्च २०२५ रोजी उगादीचा सण होता आणि दुसऱ्या दिवशी रमजान ईद. कचेऱ्यांना सुट्टी, न्यायालयांना सुट्टी. नेमका हाच मोका साधून हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकर रानात पोलीस बंदोबस्तात जेसीबी घुसले. अडवायला गेलेल्या विद्यार्थ्यांना धरून पोलीस गाड्यांत कोंबण्यात आले. मशिनी रात्रीही थांबल्या नाहीत. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन काम थांबवले, तोपर्यंत सुमारे १०० एकरांवरील झाडोरा भुईसपाट झाला होता.

हे विद्यापीठ आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. हे रोहित वेमुलाचे विद्यापीठ आहे. बहिष्कृत केलेल्या पाच दलित विद्यार्थ्यांनी उघड्यावर ‘वेलिवाडा’ उभारला तो याच आवारात. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. विज्ञान, तारे आणि निसर्ग यांवर आपले प्रेम होते, असे त्याने अखेरच्या पत्रात लिहून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी त्याच आवारातले विद्यार्थी पुन्हा पोलिसांसमोर उभे राहिले. या वेळी ते तिथल्या खडकांसाठी, तळ्यांसाठी आणि हरणांसाठी उभे होते. रोहितची लढाई सामाजिक न्यायाची आणि ही पर्यावरणाची, अशी वाटणी काहीजण करतात. आम्हाला ती मान्य नाही. माणसाला त्याच्या जागेवरून हुसकावून लावणारी आणि जमिनीवरून जीवसृष्टी खरवडून काढणारी सत्ता एकाच पद्धतीने वागते. आधी ती त्याची किंमत शून्य ठरवते. मग तो शून्य पुसून टाकते.

जमिनीच्या बाबतीत या शून्याचे नाव आहे ‘पडीक’. या शब्दाचा इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती जमीन निरुपयोगी, असा हिशेब इंग्रजांच्या महसूल खात्याने मांडला आणि स्वातंत्र्यानंतरही आपले दप्तर त्याच हिशेबावर चालू राहिले. वास्तविक ‘कांचा’ या शब्दाचाच अर्थ चराऊ रान असा आहे. गुरे जिथे चरतात, पावसाचे पाणी जिथे मुरते, गरीब बाई जिथून सरपणाची मोळी आणते, ती जमीन पडीक कशी? पण दप्तरात ती पडीकच असते. तिची दुसरी गंमत आम्ही महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पाहतो आहोत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. भूमिहीनाने पोट भरण्यासाठी दोन एकर गायरान मागितले, की ती जमीन एकाएकी सार्वजनिक होते, वनखात्याची होते, जनावरांच्या चाऱ्याची होते. तीच जमीन कंपनीला हवी असली, की एका रात्रीत ती पडीक होते. हा दुटप्पीपणा ज्याला कळला, त्याला गच्चीबावलीची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता ती गोष्ट थोडक्यात पाहू. तेलंगणाच्या असंतोषानंतर १९७३ साली सहा कलमी तोडगा निघाला, त्यातून राज्यघटनेत कलम ३७१-ई आले आणि १९७४ साली हे केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले. त्याला २,३०० एकरांहून अधिक जमीन मिळाली. म्हणजे ताबा मिळाला. मालकीचे कागद रीतसर विद्यापीठाच्या नावावर कधी झालेच नाहीत. पुढे शहर पश्चिमेकडे सरकले, माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्या माळाला सोन्याचा भाव आला. २००३-०४ मध्ये त्यातील ४०० एकर क्रीडा प्रबोधिनीच्या नावाखाली एका खाजगी कंपनीला देण्यात आले. २००६ मध्ये पुढच्या सरकारने तो व्यवहार रद्द केला. खटला २०२४ पर्यंत चालला आणि सरकार जिंकले. बदल्यात विद्यापीठाला गोपनपल्लीला जमीन दिली होती, असे सरकारचे म्हणणे आहे. जिंकलेल्या जमिनीचे सरकारने काय केले? ती औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळाकडे सोपवली. पन्नास वर्षांपूर्वी एक कागद झाला नाही, त्याची ही किंमत आहे.

तेलंगणाचे मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले, की तिथे वाघ नाहीत, हरणे नाहीत, विकासाच्या आड येणारे काही धूर्त कोल्हे मात्र आहेत. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निबंधकांना जागेवर पाठवले, तेव्हा त्यांना मोरही दिसले आणि हरणेही दिसली. या आवारात दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे, तारांकित कासवे आहेत, छत्रीसारखे दिसणारे प्राचीन खडक आहेत. म्युरिसिया हैदराबादेन्सिस नावाच्या कोळ्याच्या जातीची पहिली ओळख जगाला याच आवारातून झाली. हे कोणी शोधले? तिथे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी आणि निसर्ग निरीक्षकांनी वर्षानुवर्षे पायपीट करून शोधले. त्यांची वही नसती, तर मुख्यमंत्र्यांचे वाक्य हाच पुरावा ठरला असता.

‘पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे,’ असे आपल्या वस्त्यांमधून ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. सकाळी फिरायला स्वच्छ हवा हवी म्हणून झोपडपट्टी हटवा, अशी मागणी करणारे पर्यावरणवादी आम्ही पाहिले आहेत. परंतु निसर्ग नासला की पहिला फटका कोणाला बसतो, हेही पाहिले पाहिजे. माळावरची माती आणि झाडोरा पावसाचे पाणी धरून ठेवतो. त्यावर काँक्रीट ओतले, की तेच पाणी उताराने धावत सखल वस्तीत शिरते आणि सखल भागात बंगले नसतात. उन्हाळ्यात विहिरी आटल्या, की टँकरमागे घागर घेऊन कोण धावते? बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे खुले केले. तळ्यावरचा समान हक्क आपण लढून मिळवला. पण तळेच बुजवले, तर तो हक्क बजावायचा कोठे?

मग विद्यापीठाने नेमके करावे काय? आमच्या मते पाच गोष्टी कराव्यात आणि त्यांपैकी एकीलाही कोट्यवधींचा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट कागदाची. आवाराची मोजणी, हद्दीच्या खुणा, सातबारा आणि नकाशा हे सर्व विद्यापीठाच्या नावे आणि अद्ययावत हवे. गच्चीबावलीचा हा पहिला धडा आहे.

दुसरी गोष्ट नोंदीची. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल यांचे विभाग अनेक विद्यापीठांत आहेत. दरवर्षी विद्यार्थ्यांनी आपल्या आवारातली झाडे, गवते, पक्षी, किडे, विहिरींची पातळी मोजावी आणि ती नोंद लोकांसाठी खुली ठेवावी. प्रयोगशाळेला याहून स्वस्त पर्याय नाही आणि न्यायालयात याहून भक्कम साक्षीदार नाही.

तिसरी गोष्ट माळाला माळ राहू देण्याची. आपल्याकडे निसर्ग वाढवणे म्हणजे हिरवळ लावणे, गुलमोहर आणि सुबाभूळ लावणे, फलक रोवून मंत्र्यांचा फोटो काढणे, असा समज झाला आहे. दख्खनचा माळ हा गवताचा आणि बोरी-बाभळी-हिवरांचा आहे. त्यावर जगणारे पक्षी आणि प्राणी दाट झाडीत जगत नाहीत. जिथे झाडे लावायची तिथे ती इथल्या मातीतली असावीत. उरलेल्या जागी काही न करणे हेही रक्षणच आहे.

चौथी गोष्ट पाण्याची. १९९० साली स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठाच्या वाट्याला खडकाळ टेकड्या आल्या होत्या. तिथे पाणी अडवले, जिरवले आणि झाडी उभी केली. उघड्या बोडक्या जागेवर विद्यापीठ काय करू शकते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे.

पाचवी गोष्ट माणसांची आणि ती सर्वांत महत्त्वाची. कुंपण घालून शेजारच्या गावाला बाहेर ठेवायचे आणि आत निसर्ग वाचवायचा, हा नवा गावकुसाचा प्रकार झाला. गुराखी, मोळीवाली, औषधी मुळ्या ओळखणारी म्हातारी यांना त्या रानाची माहिती कोणत्याही प्राध्यापकाहून कमी नसते. खेड्यातून आलेला आपला विद्यार्थी ती माहिती घरून घेऊनच वर्गात येतो. तिला अभ्यासात स्थान द्या. आवारातल्या जमिनीचा कोणताही निर्णय बंद खोलीत न होता त्यात विद्यार्थी, कर्मचारी आणि लगतची गावे यांचे प्रतिनिधी असावेत.

यात आम्ही काही परके मागत नाही. भगवान बुद्धांच्या संघाला बिंबिसाराने दिले ते वेळुवन, अनाथपिंडिकाने दिले ते जेतवन. ज्ञानाची पहिली केंद्रे वनेच होती. पावसाळ्यात कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली चिरडले जाऊ नयेत म्हणून भिक्खूंनी एके ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. शिक्षणाच्या भूमीला वन म्हणण्याची ही परंपरा आपली आहे.

१६ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने तेलंगणा सरकारला बजावले, की तोडलेले १०० एकर पूर्ववत कसे करणार ते सांगा, नाहीतर अधिकाऱ्यांना त्याच जागी उभारलेल्या तात्पुरत्या तुरुंगात जावे लागेल. अमरावतीचे गवई त्यानंतर महिन्याभरात देशाचे सरन्यायाधीश झाले, याचा आपल्या समाजाला अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु न्यायालय पोहोचेपर्यंत चार दिवसांत १०० एकर गेले होते. तेवढे रान पुन्हा उभे राहायला कित्येक वर्षे लागतील. आणि जे वाचले, ते विद्यार्थी जेसीबीसमोर उभे राहिले म्हणून वाचले.

म्हणून आमचे म्हणणे चळवळीतल्या विद्यार्थी संघटनांना आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांसाठी आपण लढतोच, लढलेच पाहिजे. त्या यादीत आपल्या विद्यापीठाच्या जमिनीचेही नाव घाला. आपल्या आवाराचा सातबारा काढा, किती एकर मिळाले होते आणि किती उरले आहेत याचा हिशेब कुलगुरूंना विचारा. मराठवाड्यात १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपण विद्यापीठाच्या नावासाठी लढलो, घरे जळाली, माणसे मारली गेली, तेव्हा कमानीवर बाबासाहेबांचे नाव लागले. त्या कमानीच्या आत डोंगरापर्यंत पसरलेली जमीनही त्याच नावाची आहे. तिची राखण करणे हे नामांतराच्या लढ्याचेच राहिलेले काम आहे.