तिरप्या रेघेचं मोल

हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, की ओल्या वाळूवर करड्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे चिखल्या पक्षी तुरुतुरु धावताना दिसतात. त्यांत छोटा वाळू-चिखल्या असतो, तसा मोठाही. मोठ्याची चोच लांब, दणकट. पाय अधिक उंच. पुस्तकात शेजारीशेजारी छापलेल्या चित्रांत फरक चटकन कळतो. किनाऱ्यावर मात्र पक्षी एकटा असतो, दूर असतो आणि ऊन डोळ्यांवर येत असतं. अशा वेळी यादीत काय लिहायचं?

२००२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आता जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ई-बर्ड’ने याची सोय केली आहे. दिसायला सारख्या दोन जातींपैकी एक नक्की, पण कोणती ते ठरत नाही, तेव्हा दोन्ही नावं तिरप्या रेघेने जोडलेली नोंद निवडता येते. तेवढंही ठरत नसेल, तर ‘वटवट्याची कुठलीतरी जात’ अशी गटाची नोंद करता येते. या नोंदींनी आपल्या पाहिलेल्या जातींचा आकडा वाढत नाही, म्हणून अनेकांना त्या नकोशा वाटतात. खरं तर त्या फार मोलाच्या आहेत.

पाणलाव्याचंच बघा. बांधावरून भुर्रकन उडताना पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी पट्टी दिसली, तर तो साधा पाणलावा. पट्टी नसेल, तर पिनटेल किंवा स्विन्होचा. या दोघांतला खात्रीचा फरक शेपटीच्या बाहेरच्या पिसांत असतो आणि ती पिसं पक्ष्याने शेपूट पसरली तरच दिसतात. म्हणून बहुतेक वेळा ‘पिनटेल/स्विन्हो’ हीच बरोबर नोंद ठरते. ‘इकडे पिनटेलच येतो’ असं धरून नाव टाकत गेलो, तर स्विन्होचा आला तरी तो पिनटेल म्हणूनच नोंदला जाईल.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालात ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या ‘ई-बर्ड’वरच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. एखादी जात वाढली की घटली, हे ती किती टक्के याद्यांत आली यावरून पाहतात. समजा, काही वर्षं सगळ्यांनी अंदाजाने ‘मोठा चिखल्या’ लिहिलं आणि पुढे सावध होऊन तिरपी रेघ वापरली, तर किनाऱ्यावरचा एकही पक्षी कमी न होता आलेख घसरेल. म्हणून कसोटी प्रत्येक फेरीला तीच हवी.

नोंदीसोबत दोन ओळींचं वर्णन, फोटो किंवा आवाजाचं ध्वनिमुद्रण जोडावं; ते पुढे कामी येतं. २०२३ मध्ये छोट्या वाळू-चिखल्याच्याच सायबेरियन आणि तिबेटी अशा दोन जाती झाल्या. तिबेटी हा सायबेरियनपेक्षा मोठ्या चिखल्याला जवळचा, असं जनुकीय अभ्यासातून दिसलं. विणीच्या पिसाऱ्यात तिबेटीचं कपाळ बहुधा काळं, तर सायबेरियनचं पांढरं असतं. एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवरच्या चिखल्याचं कपाळ कुणी काही वर्षांपूर्वी टिपून ठेवलं असेल, तर ती जुनी नोंद आज नव्या नावाने उभी राहते. जे दिसलं तेवढंच लिहिलेलं असलं, की नावं बदलली तरी नोंद टिकते.