राखणीच्या कुत्र्याच्या अंगाला डांबर, चीक चिकटल्यास

रस्त्याचे डांबरीकरण, फणसाची काढणी किंवा उंदरांसाठी मांडलेले गोंदाचे पुठ्ठे यांमुळे राखणीच्या कुत्र्याचे केस हमखास चिकटतात. अशा वेळी रॉकेल, डिझेल, पेट्रोल, थिनर यांपैकी जे हाताशी असेल ते चोळले जाते. शेतकरी बंधूंनो, हे मुळीच करू नये. त्याने कातडी भाजल्यासारखी होते. खरा धोका मात्र चाटण्याचा आहे. चाटताना किंवा उलटी होताना असे पातळ तेल श्वासनलिकेत उतरते, फुफ्फुसदाह होतो व जनावर दगावू शकते. म्हणून कुत्र्याने ते चाटले असल्यास मीठपाणी पाजून उलटी करवू नये, पशुवैद्यकाकडे न्यावे.

फणस कापण्यापूर्वी आपण हाताला खोबरेल लावतो, तोच उपाय इथेही चालतो. डांबर, ग्रीस, चीक व गोंद खाण्याच्या तेलाने सैल होतात. कुत्रा सावलीत आखूड बांधावा व ओळखीच्या माणसाने धरावा. गोंद ओला असल्यास त्यावर आधी पीठ भुरभुरावे, म्हणजे तो आणखी पसरत नाही. मग गोडेतेल किंवा खोबरेल बोटांनी केसांत जिरवून 10 ते 15 मिनिटे थांबावे आणि फडक्याने पुसावे. एकदा लावून भागत नाही. दोन-तीन वेळा तेल लावावे लागते. केस ओढू नयेत. शेवटी कोमट पाण्यात अंगाचा सौम्य साबण किंवा भांडी घासण्याचा द्रव साबण थोडा मिसळून धुवावे. कपड्यांची पावडर व सोडा वापरू नये. पायाच्या बोटांमधील जागा आठवणीने पाहावी, कारण तेथील गोळा कुत्रा चावत बसतो.

वाळलेला गोळा कापणेच बरे. केसांबरोबर कातडीही वर ओढली जाते, म्हणून गोळा व कातडी यांच्यामध्ये कंगवा धरून त्याच्या वरूनच कात्री चालवावी.

डांबर गरम असताना उडाले असेल, तर फक्त थंड पाणी ओतत राहावे. ते खरवडू नये; खालची कातडी भाजलेली असते. अंगावर कीटकनाशक सांडले असल्यास तेल लावू नये, कारण तेलामुळे ते कातडीत अधिक मुरू शकते. हातमोजे घालून साबण-पाण्याने लगेच धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी घेऊन दवाखाना गाठावा.

जाता जाता, खरजेवर गाडीचे जळके ऑइल लावण्याची रीत अनेक गावांत आहे. तेही कुत्रा चाटतोच. खरजेवर आता चांगली औषधे मिळतात, ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावीत.