क्लॅपमची संतमंडळी आणि ब्रिटिश पार्लमेंट

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडननजीकच्या क्लॅपम येथे, हेन्री थॉर्नटन या पेढीवाल्याच्या घरातील लंबवर्तुळाकार ग्रंथालयात जी मंडळी वारंवार जमत, त्यांत पार्लमेंटचे सभासद होते, ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक चार्ल्स ग्रँट होते आणि हिंदुस्थानचे माजी गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरही होते. बायबल हेच आचरणाचे अंतिम प्रमाण मानणाऱ्या या इव्हँजेलिकल पंथीयांना प्रतिपक्षी उपहासाने ‘संत’ म्हणत. त्यांचे अग्रणी विल्यम विल्बरफोर्स १७८० साली कॉमन्स सभेत आले, आणि पुढे धर्मनिष्ठा जागृत होऊन राजकारणाचा त्याग करावा असे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हा एके काळी गुलामांच्या गलबतावर कप्तानी केलेले धर्मगुरू जॉन न्यूटन यांनीच त्यांना त्या विचारापासून परावृत्त केले.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७८९ मध्ये विल्बरफोर्स यांनी जे पहिले मोठे भाषण केले, त्यानंतरचा काळ पराभवांचाच होता. १७९१ साली ८८ विरुद्ध १६३ मतांनी आणि १७९६ साली अवघ्या चार मतांनी व्यापारबंदीचा प्रस्ताव फेटाळला गेला. तथापि या मंडळींनी नुसत्या धर्मवचनांवर भिस्त ठेवली नाही. खलाशांच्या जबान्या, जहाजांची दप्तरे, ठिकठिकाणच्या रयतेचे अर्ज यांचा त्यांनी ढीग रचला, आणि ‘ब्रुक्स’ या गलबताच्या तळाशी चारशेंहून अधिक माणसे मालाच्या गासड्यांप्रमाणे कशी रचली जातात हे दाखविणारा आराखडा घरोघरी पोहोचला. पुढे कायदेपंडित जेम्स स्टीफन यांच्या युक्तीने १८०६ साली परकीय वसाहतींना गुलाम पुरविण्यास बंदी झाली, तेव्हाच या व्यापाराचा कणा मोडला. आणि १८०७ च्या फेब्रुवारीत २८३ विरुद्ध १६ मतांनी संपूर्ण बंदीचा मसुदा दुसऱ्या वाचनात संमत झाला. श्रद्धेने त्यांना चिकाटी दिली, पण सभागृह जिंकले ते पुराव्याने, असे माझे मत आहे.

हिंदुस्थानच्या बाबतीत मात्र याच सत्पुरुषांनी पुराव्याची ती कसोटी सोडली. १७९३ साली कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना मुभा देणारे कलम घालण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. १८१३ साली आठशेंहून अधिक अर्जांच्या बळावर तो तडीस गेला. या देशात कधीही पाऊल न टाकलेल्या विल्बरफोर्स यांनी त्या प्रसंगी आमच्या देवदेवतांचे जे वर्णन केले, ते अज्ञानमूलक आणि अन्याय्य होते, हे त्यांच्याविषयी नितांत आदर बाळगूनही म्हटलेच पाहिजे. परंतु शिक्षणाकरिता सालीना एक लाख रुपये राखून ठेवण्याचे कलमही त्याच सनदेत आहे, याचेही विस्मरण होऊ नये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी परत पाठविण्याच्या हुकुमाच्या छायेत दिवस कंठीत होते. त्यांना अखेर येथे राहू देण्यात आले, आणि त्यांच्या मिशनने शाळा व छापखाना काढून मराठी गद्याच्या घडणीत आपला वाटा उचलला.

१८३३ च्या जुलैत गुलामगिरी रद्द करणारा मसुदा संमत होणार हे निश्चित झाले, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी विल्बरफोर्स निवर्तले. त्या कायद्याने मळेवाल्या मालकांना दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली, गुलामांना काहीच दिले नाही. आणि कंपनीचा हिंदुस्थानातील मुलूख तर त्यातून स्पष्टपणे वगळला. येथील अदालतींनी गुलामांवरचा हक्क मानू नये, असा कायदा होण्यास १८४३ साल उजाडावे लागले.