जुन्या वस्तूंचा आहेर

दिवाळी जवळ आली की दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या साऱ्या मुलुखातील घराघरांतून सुक्या मेव्याच्या आणि सोनपापडीच्या डब्यांची जी अखंड ये-जा सुरू होते, तिच्यात देणाऱ्याने घेणाऱ्याचा क्षणभर तरी विचार केला असल्याचे चिन्ह क्वचितच आढळते. एका घरून आलेला डबा वेष्टनही न सोडता दुसऱ्या घरी रवाना होतो. याच राजधानीत जुनी, वापरलेली, परंतु पारखून घेतलेली आणि निगुतीने दुरुस्त केलेली वस्तू स्नेह्यास भेट देणारी माणसेही आहेत, आणि त्यांची रीत मराठी वाचकाने अगत्याने समजून घ्यावी अशी आहे.

आहेर कोराच असावा, हा संकेत आपल्याकडे दृढ आहे आणि तो निष्कारण नाही. गरजूच्या हाती ठेवलेले जुनेर आणि बरोबरीच्या माणसास दिलेली भेट यांतील मर्यादा त्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. परंतु ज्या समाजाने हा संकेत पाळला, त्याच समाजाने नवजात अर्भकास कोऱ्या, खरखरीत कापडाऐवजी आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या नऊवारीचे दुपटे पांघरले, एकच पाळणा भावकीतल्या कितीतरी घरी फिरविला, आणि सासरी निघालेल्या मुलीच्या गळ्यात पणजीचा तन्मणी घालताना त्याच्या जुनेपणाचाच अभिमान मिरविला. आक्षेप होता तो अनास्थेला, घरातली अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याला. आणि तो आक्षेप आजही तितकाच रास्त आहे.

दिल्लीत अशा वस्तूंची ठिकाणे अनेक, पण पहिला मान दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजाराचा. साठच्या दशकापासून नेताजी सुभाष मार्गाच्या पदपथावर भरणारा हा बाजार २०१९ साली उच्च न्यायालयाच्या हुकुमाने तेथून उठला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात दिल्ली गेटजवळ, आसफ अली मार्गावरील महिला हाटाच्या आवारात पुन्हा मांडला गेला. कुठे किलोच्या भावाने, कुठे नगाच्या भावाने विकल्या जाणाऱ्या या ढिगांत मराठी पुस्तक हाती लागणे दुर्मीळच. तरीही शोधणाऱ्याने आशा सोडू नये, कारण मराठी माणसाची या शहरातील वस्ती आजकालची नव्हे. १९५४ साली लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन भरले होते, आणि त्यानंतर थेट २०२५ च्या फेब्रुवारीत, तारा भवाळकर अध्यक्षस्थानी असताना, ते तालकटोरा स्टेडियममध्ये पुन्हा भरले. या सात दशकांत सरकारी नोकरीनिमित्त येथे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची कपाटे, थोरली पिढी निवर्तली आणि घर आवरण्याची वेळ आली, की कधी ना कधी रिकामी होतातच.

जुने पुस्तक भेट देताना एक प्रश्न हटकून पडतो. पहिल्या कोऱ्या पानावर पूर्वीच्या मालकाचे नाव असते, कधी ‘चि. सौ. हिस वाढदिवसानिमित्त सप्रेम’ अशा दोन ओळी असतात, आणि ते पान फाडून टाकावे की काय असे देणाऱ्याच्या मनात येते. माझ्या मते ते पान मुळीच फाडू नये. त्या ओळींखाली आपला मजकूर, आपली सही आणि तारीख घालावी; कोणा अनोळखी माणसाने त्याच पुस्तकावर पूर्वी केलेल्या मायेची ती नोंद घेणाऱ्यासही मोलाची वाटेल.

पितळेच्या भांड्यांची गोष्ट निराळी, कारण तेथे नुसती पारख पुरत नाही, मेहनतही करावी लागते. चावडी बाजार हे तांब्या-पितळेचे जुने पेठस्थान. तेथून किंवा मोडीच्या दुकानातून वजनावर घेतलेले पातेले तसेच देणे म्हणजे कर्तव्यात कसूर होय. आंबट पदार्थ ठेवताच ते कळकते आणि आतील अन्न विषारी होऊ शकते, म्हणून त्यास कल्हई करूनच द्यावे. कल्हईवाला प्रथम भांडे घासून लख्ख करतो, कोळशाच्या भट्टीवर चांगले तापवितो, आत नवसागराची पूड फेकतो आणि पांढरा धूर उठत असतानाच कथलाची कांडी टेकवून वितळलेला धातू कापसाच्या बोळ्याने तळापासून काठापर्यंत सफाईने फिरवितो. नवसागराने पृष्ठभागावरील मळ जळून गेल्यामुळे कथील धातूस घट्ट बिलगते, आणि काळवंडलेले अंतरंग पाहता पाहता चांदीसारखे उजळून निघते. भेटीसाठी एवढा खटाटोप केलेल्या भांड्यास जुने म्हणून कोणी नाक मुरडील, असे मला वाटत नाही.

लाकडी सामानासाठी लोक लाजपतनगरलगतच्या अमर कॉलनीत जातात. तेथे अस्सल जुन्या सामानाशेजारीच, जुन्यासारखे भासावे म्हणून मुद्दाम घडविलेले नवे सामानही असते, आणि खात्री करून घेण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची. खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागली बाजू पाहावी. हाताने कापलेले सांधे किंचित असमान असतात, आणि खरी झीज हात जेथे वारंवार पडतो तेथेच दिसते, सर्वत्र सारखी नसते.

कपड्यांची पेठ याहून कष्टाची. पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगरात पहाटे उजाडण्यापूर्वीच जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. दारोदार हिंडून भांड्यांच्या बदल्यात कपडे गोळा करणाऱ्या, मूळच्या गुजरातेतील वाघरी समाजाच्या स्त्रिया तेथे माल आणतात. आपल्याकडील बोहारणीचा व्यवसाय तो हाच.

कायद्याचाही येथे संबंध येतो, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, चित्र यांसारखी वस्तू, आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेले पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे हस्तलिखित, पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी इसमास परदेशी पाठविण्याची मनाई आहे, आणि नोंदणी झालेली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देताना नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. अमेरिकेतील भाच्यास आजोळच्या देवघरातील मूर्ती धाडू पाहणाऱ्याने आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे चौकशी करावी. हस्तिदंती वस्तूंच्या वाटेस तर जाऊच नये. त्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केलेला आहे.

वाचकांस एवढीच विनंती, की येत्या दिवाळीत निदान एका घरी तरी अशी एखादी वस्तू द्यावी, ती जुनी आहे हे न लपविता सांगावे, आणि ती कोठे मिळाली, तिच्यात काय दुरुस्त केले, पूर्वी कोणाची होती हे ठाऊक असल्यास तेही, असे सारे चार ओळींत लिहून ती चिठ्ठी वस्तूसोबत ठेवावी.