गाळ्यातली उष्णता जाते कुठे?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली उभे राहवत नाही. अनेक छोट्या गाळ्यांना पुढे शटर आणि उरलेल्या बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. खिडकी नाही, एक्झॉस्टला जागा नाही. समजा, अशा गाळ्याच्या पोटमाळ्यावर एका तरुणाने जोडधंदा म्हणून चंदेरी कापडाचा तंबू उभारला आणि आत दिवे लावून मायक्रोग्रीन्स वाढवायला सुरुवात केली. तंबू तापू लागला म्हणून त्याने वर पंखा बसवून गरम हवा पाइपने बाहेर सोडली. पण हे 'बाहेर' म्हणजे गाळाच. थोड्या वेळात गाळा तापतो आणि तीच गरम हवा पुन्हा तंबूत शिरते. रोपे माना टाकतात, हे त्याला दिसते. तिथेच बसलेल्या स्वतःच्या शरीराकडे मात्र त्याचे लक्ष नसते.

हिशेब साधा आहे. ६०० वॉटचा दिवा एलईडीचा असला तरी त्याने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे दिवा लावला की बंद खोलीत सहा माणसे जास्तीची बसल्यासारखे होते. त्यात रोपे पानांतून पाणी हवेत सोडत राहतात. हवा गरम होते आणि दमटही.

हा दमटपणाच शरीराला महागात पडतो. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीराची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, गारवा मिळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमानंतर १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. ते उघडे मैदान होते. बंद गाळ्यात ऊन नसले, तरी वाराही नसतो.

अशा वेळी पंखा कितपत उपयोगी? पंखा हवा फिरवतो, उष्णता खोलीबाहेर काढत नाही. घाम वाळवायला तो मदत करतो, पण हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंख्याचा झोत शरीराला उलट तापवतो. बंद खोलीतला पाण्याचा कूलर दमटपणात भर घालतो. फिरत्या एसीचा मागचा पाइप खोलीतच सोडला, तर एसी जेवढे गार करतो त्याहून जास्त गरम करतो.

उपाय एकच: हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी. गरम हवा वर चढते, म्हणून बाहेर जाणारी वाट उंचावर हवी आणि आत येणारी खाली. मालकाच्या परवानगीने शटरच्या वरच्या पट्टीत जाळी बसवून तंबूचा पाइप थेट तिथवर न्यावा, शटर खालून थोडे उघडे ठेवावे. ६०० वॉटच्या दिव्याची उष्णता पाच अंशांच्या फरकात ठेवायची, तर सेकंदाला सुमारे १०० लिटर हवा बाहेर जायला हवी. पाइप लांब आणि वळणांचा असेल तर पंखा त्याहून मोठा लागतो. एवढे करूनही आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गार होणार नाही. म्हणून उन्हाळ्यात दिवे रात्री किंवा पहाटे लावावेत, त्यांची संख्या कमी करावी आणि त्या वेळी तिथे कुणी झोपू नये. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीही गारवा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचा धोका वाढतो. बाहेर जायला वाटच निघत नसेल, तर मे महिन्यात तंबू बंद ठेवणे शहाणपणाचे.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायात पेटके, गडद लघवी ही शरीराची पहिली हाक. तेव्हाच काम थांबवून मोकळ्या हवेत यावे, ओआरएस किंवा मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. काम करताना झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. १०८ला फोन लावावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये: सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतत वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत ओले गार कपडे ठेवावेत. शुद्ध नसेल तर तोंडाने पाणी पाजू नये. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. पहिल्या अर्ध्या तासात शरीर किती गार झाले, यावर बहुतेक वेळा जीव अवलंबून असतो.

रोपे वाळली तर पुन्हा पेरता येतात. गाळ्याला भोक पाडायचे की नाही, हे ठरवताना एवढे लक्षात ठेवावे.