एकाच देशाची बदके आणि आपला तलाव



उसाच्या अंकात बदकाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण पाण्याचा आणि गाळाचा हिशेब त्यालाही चुकत नाही आणि आपल्यालाही.

गव्हाणीत मोळी पडते त्याच सुमारास उत्तरेकडची पाहुणी बदके आपल्या मुलखात उतरू लागतात. नाथसागर, उजनीवर दिसणारा पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. अशा पाखरांना दोन घरे. एक बिघडले तरी दुसऱ्याचा थोडा आधार असतो.

पण काही बदके-हंस जगात एकाच देशात राहतात. हवाई बेटांवरचा नेने हंस घ्या. 1950 च्या सुमारास ते रानात तीसच्या आसपास उरले होते. पाळून, वाढवून, पुन्हा सोडून ते वाचवावे लागले.

आपल्याला जवळची गोष्ट मादागास्करच्या पाणबुड्या बदकाची. अलाओत्रा तळ्याचा परिसर म्हणजे त्या देशाचे भाताचे कोठार. डोंगर बोडके झाले, माती तळ्यात आली, काठची लव्हाळी तोडून भात लावला, बाहेरचे मासे सोडले. 1991 मध्ये तिथे एक नर सापडला, तो शेवटचाच. 2006 मध्ये उत्तरेकडच्या एका दुर्गम तळ्यावर नऊ मोठे पक्षी आणि चार पिल्ले दिसली. पण ते तळे खोल. उथळ काठ नाही, खाद्य नाही. पिल्ले उपाशी मरायची. मग 2009 मध्ये अंडी आणून पैदास केली आणि 2018 मध्ये सोफिया तळ्यात बदके सोडली. तळ्याकाठचे कोळी आणि भातशेतकरी बरोबर घेतल्यावाचून ते जमले नसते.

जामखेडचे असे एकट्याचे बदक नाही. मात्र हळदी-कुंकू बदक बारमाही आपलेच. चोचीचे टोक पिवळे, मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. पावसाळ्यात ते पाण्याकाठच्या गवतात जमिनीवर अंडी घालते.

तेव्हा आम्ही एवढेच सुचवतो: पाऊसकाळात तलावकाठचे गवत पेटवू नका, पाण्याला लागूनचा पट्टा नांगरू नका, फवारणीचे डबे तलावात धुऊ नका, वरच्या रानाचे बांध धरा. माती तलावात गेली तर बदक उडून जाईल हो, पण आपल्या मोटारीचा फुटबॉल गाळात रुतेल त्याचे काय? उसाला पाणी त्याच तलावाचे लागते.