सहेरीचा मेसेज आपोआप पाठवा, पण वेळ आपल्याच गावाची ठेवा

रमजान जवळ आला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहेरी-इफ्तारची टाइमटेबले फिरू लागतात. त्यात कधी मुंबईचेही असते. मुंबई आणि चंद्रपूरच्या रेखांशात साधारण साडेसहा अंशांचा फरक आहे आणि एका अंशामागे चार मिनिटे. म्हणजे चंद्रपूरला पहाट मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी होते, गडचिरोलीला त्याहून दोन-तीन मिनिटे आधी. मुंबईची वेळ बघून आपल्याकडे सहेरी खाल्ली तर रोजाच धोक्यात येतो.

यावर सोपा उपाय म्हणजे मस्जिद कमिटीचा स्वतःचा बॉट. बॉट म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप पोस्ट टाकणारा छोटा प्रोग्राम. तो आपल्या मोबाईलवर नाही, क्लाऊडवर, म्हणजे दूरच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालतो. इकडे लाइट गेली तरी त्याचे काम थांबत नाही.

सुरुवात टेलिग्रामवर करा. तिथे 'बॉटफादर' या खात्याला मेसेज करून नवा बॉट मोफत बनवता येतो. तो एक टोकन देतो. हे टोकन म्हणजे घराची किल्ली; ते कुणाला फॉरवर्ड करू नका, प्रोग्राममध्येही उघडे लिहू नका. मग चॅनल बनवून बॉटला अॅडमिन करा. व्हॉट्सअॅपवर मात्र अनधिकृत अॅप वापरून असे केले तर नंबर बंद होऊ शकतो.

नमाजच्या वेळा 'अल-अजान' ही मोफत वेबसेवा देते. चंद्रपूरसाठी अक्षांश १९.९५, रेखांश ७९.३० टाका; गडचिरोलीसाठी २०.१८ आणि ८०.००. हिशेबाची पद्धत (उदाहरणार्थ कराचीची १८ अंशांची) आणि असरसाठी हनफी की शाफई, हे इमामसाहेबांना विचारूनच ठरवा.

प्रोग्राम रोज चालवायला 'गिटहब अॅक्शन्स' पुरते. पण इथेच बरेच जण फसतात. क्लाऊडचे घड्याळ बहुधा यूटीसीवर असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुम्ही पहाटे ४ लिहिले तर मेसेज येईल सकाळी साडेनऊला! रात्री ९ ला पाठवायचा असेल तर तासाच्या जागी १५ आणि मिनिटाच्या जागी ३० लिहा.

शिवाय गर्दीच्या वेळी या मोफत सेवेला उशीरही होतो. म्हणून सहेरीचा मेसेज ऐन वेळी नको, आदल्या रात्रीच जाऊ द्या. भामरागड, एटापल्लीच्या जंगल भागात रेंज येते-जाते. तिथल्या लोकांसाठी महिनाभराचे टाइमटेबल आधीच पाठवा आणि मस्जिदीत छापून लावा.

सुरू करण्याआधी आठवडाभराच्या वेळा मस्जिदीच्या टाइमटेबलशी ताडून पाहा. आणि चाँद दिसल्याची खबर बॉटवर सोडू नका. ती जबाबदार माणसानेच, हिलाल कमिटीच्या एलानानंतर, हाताने टाकावी.